कोलकात्याच्या सहलीत पोलीस संग्रहालय हवेच




मराठी पर्यटकांच्या कोलकाता सहलीचा आराखडा आता ठरून गेल्यासारखा आहे. व्हिक्टोरिया मेमोरियल, हावडा पूल, दक्षिणेश्वर, बेलूर मठ, वेळ उरलाच तर रवींद्रनाथांचे जोडासाँको, आणि मग दार्जिलिंगची गाडी. आचार्य प्रफुल्लचंद्र मार्गावरचे कोलकाता पोलीस संग्रहालय या यादीत सहसा नसते. ते असायला हवे, आणि तेही वाटेत दिसले म्हणून डोकावण्यापुरते नको. घरून निघण्यापूर्वी थोडे वाचून, अर्धा दिवस राखून ते पाहावे, असे मी सुचवतो. वास्तू एकेकाळी राजा राममोहन रॉय यांची होती. ती पुढे पोलिसांकडे आली आणि १९९६ साली तिथे संग्रहालय सुरू झाले. सतीबंदीसाठी लढलेल्या माणसाच्या घरात पोलिसांनी जप्त केलेली हत्यारे मांडलेली आहेत, हा योगायोगही पाहण्यासारखाच. पण माझा आग्रह त्यासाठी नाही. १९०८ सालचा महाराष्ट्र समजून घ्यायचा असेल, तर त्याचा एक तुकडा पुण्यात किंवा नाशकात नाही, तो या घरात आहे.

तिथला पुस्तकबॉम्ब घ्या. हर्बर्ट ब्रूम यांच्या कायद्यावरील जाडजूड ग्रंथाची पाने आतून कोरून त्यात कोकोचा डबा बसवलेला, डब्यात पिक्रिक ॲसिड आणि स्फोटक टोप्या. १९०८ च्या सुरुवातीला ही भेट मॅजिस्ट्रेट किंग्जफोर्ड यांच्या घरी पोचती झाली. आपणच कुणाला वाचायला दिलेले पुस्तक परत आले, असे समजून त्यांनी ते न उघडता ठेवून दिले, म्हणून वाचले. पुढे त्यांची बदली मुझफ्फरपूरला झाली. तिथे ३० एप्रिलला खुदिराम बोस आणि प्रफुल्ल चाकी यांनी त्यांच्यासाठी फेकलेला बॉम्ब दुसऱ्याच गाडीवर पडला. त्या घटनेवर लोकमान्यांनी ‘केसरी’त जे लिहिले, त्यांपैकी ‘देशाचे दुर्दैव’ आणि ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’ या लेखांवरून राजद्रोहाचा खटला उभा राहिला आणि २२ जुलैला सहा वर्षांची शिक्षा झाली. मंडाले आपल्याला पाठ आहे. मंडालेकडे जाणारी वाट ज्या किंग्जफोर्डच्या दारावरून गेली, त्याच्या घरी आलेले पुस्तक मात्र आपण पाहिलेले नसते. तो बॉम्ब बनवणारे हेमचंद्र कानुनगो ही विद्या पॅरिसमध्ये रशियन क्रांतिकारकांकडून शिकले होते, आणि तिथे त्यांच्यासोबत होते पारनेरचे पांडुरंग महादेव बापट, म्हणजे आपले सेनापती बापट. १९०९ साली नाशकात बाबाराव सावरकरांच्या घराची झडती झाली, तेव्हा टंकलिखित पानांचा एक गठ्ठा सापडला. कोलकात्याजवळच्या माणिकतला बागेत मिळालेल्या बॉम्बपुस्तिकेचीच ती प्रत होती, अशी नोंद रौलट समितीच्या १९१८ च्या अहवालात आहे. पारनेर, पॅरिस, माणिकतला, नाशिक हा सगळा धागा आज सलग हाती लागतो तो मुख्यतः झडत्यांच्या आणि खटल्यांच्या कागदांमुळे. गुप्त संघटना आपली दप्तरे जपत नसतात, ती जाळतात.

यावर पहिला आक्षेप रास्त आहे. ज्यांनी माग काढला, धरले, फासापर्यंत नेले, त्यांच्याच घरी जाऊन क्रांतिकारकांना वंदन कसले करायचे? शिवाय कोणतेही खाते आपले संग्रहालय मांडते ते आपली शोभा वाढवायला. दोन्ही गोष्टी मान्य. पण वंदन करायला जावे असे मी म्हणतच नाही. तिथे पुरावा तपासायला जावे. तत्कालीन मुंबई सरकारने स्वातंत्र्य चळवळीच्या इतिहासाची साधने म्हणून सरकारी दप्तरातले कागद १९५७ पासून खंडांच्या रूपाने छापायला घेतले, तेव्हा पोलिसांचे गुप्त गोषवारेही त्यात आले. ते कागद शत्रूच्या नजरेने लिहिलेले आहेत म्हणून इतिहासकारांनी टाकून दिले नाहीत. लिहिणारा कोण हे लक्षात ठेवून वाचले. फलकावर ‘जप्त’ असे लिहिले असेल, तर कुणाकडून, कोणत्या कायद्याखाली, पुढे त्या माणसाचे काय झाले, हे प्रश्न पाहणाऱ्याने विचारायचे. म्हणूनच आधीच्या वाचनाचा आग्रह. तयारीविना गेलेल्याला तिथे बंदुकांची कपाटे तेवढी दिसतील, आणि मग आक्षेप घेणाराच खरा ठरेल.

आणि हे संग्रहालय केवळ खात्याची शोभा वाढवत नाही, याचा पुरावा त्याच्याच इतिहासात आहे. सप्टेंबर २०१५ मध्ये पश्चिम बंगाल सरकारने नेताजींविषयीच्या ६४ फायली खुल्या केल्या, त्या लोकांना पाहायला मिळाल्या याच इमारतीत. स्वातंत्र्यानंतरही बोस कुटुंबावर पाळत होती, त्यांची पत्रे फोडून वाचली जात होती, हे त्या कागदांतून उघड झाले. पाळत ठेवणाऱ्या खात्याच्याच छपराखाली त्या पाळतीची साक्ष लोकांसमोर यावी, ही लहान गोष्ट नाही. सरकारे बदलली तरी सवयी कशा टिकतात, हे यापेक्षा स्पष्टपणे कोणता स्मृतिस्तंभ सांगेल?

दुसरा आक्षेप मुलांविषयीचा असतो: बॉम्ब, पिस्तुले, फाशीच्या कथा शाळकरी मुलांना कशाला दाखवायच्या? मला हा आक्षेप पहिल्यापेक्षा अवघड वाटतो. मुझफ्फरपूरच्या त्या गाडीत बॅरिस्टर केनेडी यांची पत्नी आणि मुलगी होत्या; दोघींचा किंग्जफोर्ड यांच्या कोणत्याही शिक्षेशी संबंध नव्हता, आणि दोघी मेल्या. पाठ्यपुस्तकात खुदिरामचे वय येते, या दोघी बहुधा येत नाहीत. पण मुलांपासून शस्त्रे लपवल्याने हा पेच सुटत नाही; उलट धड्यातला बॉम्ब निव्वळ शब्द राहतो आणि टाळ्या घेऊन जातो. कोरलेले पुस्तक समोर असेल, तर ते कुणाच्या हातात उघडले असते, हा प्रश्न मूल आपणहून विचारेल. टिळकांनीही हत्येचे कौतुक न करता, सरकारी दडपशाही अशा कृत्यांना कशी जन्म देते, याकडे बोट दाखवले होते. शाळा सहल नेणार असेल तर शिक्षकांनी एवढे तरी आधी सांगावे. नेमके हे सांगण्याची तयारी नसेल, तर शाळेने तिथे जाऊ नये, हेच बरे.

वेळेची अडचण उरते, ती सहल कंपन्यांच्या सोयीची आहे. साडी खरेदीला दिला जाणारा एका दुपारचा वेळ पुरतो. सोमवारी बहुतेक सरकारी संग्रहालये बंद असतात, तेव्हा तो वार टाळावा. हे संग्रहालय पोलीस खात्याचे असल्याने वेळा आणि छायाचित्रांचे नियम जाण्यापूर्वी विचारून घ्यावेत. २ मे १९०८ च्या पहाटे क्रांतिकारक बारीन घोष आणि त्यांचे साथीदार ज्या मुरारीपुकुरच्या बागेत, म्हणजे वर आलेल्या माणिकतला बागेतच, पकडले गेले, तो माणिकतला भाग तिथून जवळच आहे. बागेचे बागपण उरलेले नाही, पण नकाशावर दोन ठिकाणांमधले अंतर पाहिले तरी या प्रकरणाचा आवाका कळतो. आणि दुसऱ्या दिवशी, अलीपूरच्या जुन्या मध्यवर्ती तुरुंगात २०२२ साली उघडलेले संग्रहालय पाहावे: पकडणाऱ्यांची बाजू आदल्या दिवशी पाहिलेली असेल, तर कोठड्यांसमोर उभे राहून विचारायला पुरेसे प्रश्न बरोबर असतील.

– एक वाचक, पुणे