विश्लेषण : ९० हजार प्रेक्षक आले, पण शहराला संघच नाही! ऑस्ट्रेलियातील रग्बीचे नेमके बिनसले कुठे?

मेलबर्न क्रिकेट ग्राउंड आपल्याला ठाऊक आहे ते बॉक्सिंग डे कसोटीमुळे. २६ जुलै २०२५ च्या रात्री मात्र तिथे ९० हजार ३०७ प्रेक्षक रग्बी पाहायला जमले होते. एका बाजूला ब्रिटन आणि आयर्लंडच्या निवडक खेळाडूंचा ‘लायन्स’ संघ, दुसऱ्या बाजूला ऑस्ट्रेलियाचा ‘वॅलबीज’. एका टप्प्यावर वॅलबीज २३-५ असे पुढे होते. सामना संपायला जेमतेम मिनिट उरले असताना लायन्सच्या ह्युगो कीननने ट्राय केला आणि सामना २९-२६ असा ऑस्ट्रेलियाच्या हातून निसटला. त्या ट्रायच्या आधीची धडक नियमात बसत होती की नाही, यावर पुढे बरेच दिवस वाद झडले.

हरले तरी वॅलबीजचे कौतुक झाले, मैदान भरले, तिजोरीही भरली. पण ज्या मेलबर्नमध्ये हा सोहळा झाला, त्या शहराचा व्यावसायिक रग्बी संघ वर्षभरापूर्वीच बंद पडला होता. ऑस्ट्रेलियातील रग्बीचाहत्याचे दुखणे या एका विसंगतीत सापडते. मोठ्या सामन्याला गर्दी होते आणि वर्षभर खेळ जगवायची वेळ आली की हात आखडते घेतले जातात.

रग्बी युनियन आणि रग्बी लीग वेगळे कसे?

आधी हा गुंता सोडवायला हवा, कारण पुढचे सगळे याच्याशी जोडलेले आहे. ऑस्ट्रेलियात ‘रग्बी’ नावाने दोन खेळ नांदतात. युनियनमध्ये १५ खेळाडू, लीगमध्ये १३. लीगमध्ये सहा टॅकल झाले की चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे जातो. युनियनमध्ये खेळाडूला पाडल्यावरही चेंडूसाठीची झटापट चालूच राहते. स्क्रम, लाइनआउट यांना तिथे फार महत्त्व. जाणकाराला त्यात बुद्धिबळ दिसते, नवख्याला नुसता ढीग दिसतो आणि पंचाने शिटी का वाजवली हे कळत नाही.

फाटाफूट झाली ती पैशांवरून. १८९५ मध्ये उत्तर इंग्लंडमधील क्लबांनी, सामन्यासाठी मजुरी बुडवणाऱ्या कामगार खेळाडूंना भरपाई द्यावी, अशी मागणी केली. ती फेटाळली गेली आणि लीगचा जन्म झाला. सिडनीत हे लोण १९०७-०८ मध्ये पोहोचले. युनियनचा त्या काळातील मोठा तारा डॅली मेसेंजर लीगकडे गेला आणि प्रेक्षकही त्याच्या मागोमाग गेले. लीग कामगार वस्त्यांचा खेळ झाला. युनियन राहिली ती महागड्या खासगी शाळा, विद्यापीठे आणि डॉक्टर-वकिलांच्या घरांत. खेळाडूंना उघडपणे मानधन देण्यास युनियनने मान्यता दिली ती थेट १९९५ मध्ये.

त्यात मेलबर्न, ॲडलेड आणि पर्थ ही शहरे ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलची. शिवाय सॉकर आहेच. म्हणजे एकाच देशात चार प्रकारचे फुटबॉल, आणि युनियनच्या वाट्याला सिडनी, ब्रिस्बेन आणि कॅनबेराचा एक चिंचोळा पट्टा.

मग हा संघ जगज्जेता झाला तरी कसा?

हाच खरा रंजक भाग. एवढ्याशा पट्ट्यातून वॅलबीजने १९९१ आणि १९९९ असे दोन विश्वचषक जिंकले. न्यूझीलंडविरुद्धचा ब्लेडिस्लो करंडक १९९८ ते २००२ अशी सलग पाच वर्षे राखला. २००० मध्ये सिडनीच्या ऑलिम्पिक स्टेडियमवर या दोन संघांचा सामना पाहायला १ लाख ९ हजार ८७४ लोक आले होते. २००१ मध्ये लायन्सनाही २-१ असे हरवले. जॉन ईल्स, जॉर्ज ग्रेगन, स्टीफन लार्कम, टिम होरान ही नावे तेव्हा घरोघरी होती.

त्याआधीच्या पिढीतील एक गोष्ट आज मुद्दाम आठवायला हवी. १९८४ च्या ब्रिटन-आयर्लंड दौऱ्यात वॅलबीजने चारही कसोटी जिंकल्या आणि मार्क एलाने चारही सामन्यांत ट्राय केला. मार्क आणि त्याचे भाऊ ग्लेन, गॅरी हे सिडनीच्या ला पेरूझ भागातील आदिवासी कुटुंबातले. ते शिकले मॅट्राव्हिल हायस्कूलमध्ये, म्हणजे सरकारी शाळेत. त्यांचा शाळासोबती होता एडी जोन्स, ज्याचे नाव या लेखात पुढे पुन्हा येणार आहे. ऑस्ट्रेलियाची रग्बी सर्वांत देखणी दिसली ती खासगी शाळांच्या कुंपणाबाहेरची मुले आत आली तेव्हा. हे कळायला अभ्यास समिती नेमण्याची गरज नव्हती.

घसरण कधी सुरू झाली?

२००३ चा विश्वचषक ऑस्ट्रेलियात झाला. अंतिम सामन्यात जादा वेळेत इंग्लंडच्या जॉनी विल्किन्सनने ड्रॉप गोल मारला आणि यजमान २०-१७ असे हरले. पण स्पर्धा तुफान गाजली आणि संघटनेला घसघशीत नफा झाला. त्याच वर्षी ब्लेडिस्लो करंडक न्यूझीलंडकडे गेला. तो आजतागायत परतलेला नाही. आज पंचविशीत असलेला ऑस्ट्रेलियन चाहता तेव्हा बोबडे बोलत होता. ऑकलंडच्या ईडन पार्कवर तर वॅलबीज १९८६ नंतर जिंकलेलेच नाहीत.

मधल्या काळात उजेडाचे क्षण आले. २०११ मध्ये क्वीन्सलंड रेड्सनी आणि २०१४ मध्ये वॅराटाजनी सुपर रग्बी जिंकली. २०१५ च्या विश्वचषकात संघ अंतिम फेरीपर्यंत गेला. पण मे २०१६ पासून पुढची दोन वर्षे ऑस्ट्रेलियाचे क्लब न्यूझीलंडच्या क्लबांविरुद्ध सलग ४० सामने हरले. मैदाने ओस पडली यात नवल नाही.

पैसा गेला कुठे?

चाहत्यांचा राग इथे आहे आणि तो रास्त आहे. २००३ च्या आगेमागे संघटनेने लीगमधून वेंडेल सेलर, मॅट रॉजर्स, लोटे टुकिरी असे तारे आणले. ते गुणी होते. टुकिरीने तर विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात ट्राय केला. प्रश्न त्यांचा नव्हता. क्लब आणि व्यावसायिक रग्बी यांच्यामध्ये जी पायरी लागते, ती कधी बांधलीच गेली नाही. २००७ मध्ये एक राष्ट्रीय स्पर्धा सुरू केली, ती एकाच हंगामात गुंडाळली. २०१४ मध्ये दुसरी आणली, ती २०१९ नंतर थांबली. न्यूझीलंडमध्ये प्रांतिक स्पर्धा पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे. ऑस्ट्रेलियातील विशीचा मुलगा मात्र सिडनीच्या शूट शील्डसारख्या क्लब स्पर्धेतून एकदम सुपर रग्बीत ढकलला जातो.

सुपर रग्बीची कथा वेगळीच. १९९६ मध्ये तीन देशांचे १२ संघ होते. मग १४, १५ आणि २०१६ मध्ये चक्क १८ झाले. अर्जेंटिना आणि जपानचे संघही त्यात आले. दक्षिण आफ्रिकेतील सामना पाहायला सिडनीच्या चाहत्याने रात्र जागवायची, वर गुणतक्ता समजून घ्यायला कागद-पेन घेऊन बसायचे. तेही सशुल्क वाहिनीवर. त्याच वेळी लीग आणि ऑस्ट्रेलियन रूल्सचे सामने मोफत वाहिन्यांवर दर आठवड्याला घरात येत होते. शाळकरी मुलगा जे टीव्हीवर पाहतो तेच अंगणात खेळतो.

पसारा आवरायची वेळ आली तेव्हा २०१७ मध्ये पर्थचा वेस्टर्न फोर्स आणि मेलबर्नचा रेबेल्स यांतील एकावर कुऱ्हाड पडणार होती. पडली ती फोर्सवर. खाणउद्योजक अँड्र्यू फॉरेस्ट पाठीशी उभे राहिले म्हणून तो संघ तगला आणि २०२० मध्ये परतला. आणि ज्या रेबेल्ससाठी पर्थचा बळी दिला, ते जानेवारी २०२४ मध्ये कर्जबाजारी होऊन प्रशासकांच्या हाती गेले. देणी २ कोटी ३० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरच्या वर होती. त्याच वर्षी मे महिन्यात संघ बंद करण्याचा निर्णय झाला.

एडी जोन्स प्रकरण काय होते?

२००३ च्या अंतिम फेरीतील प्रशिक्षक एडी जोन्स यांना जानेवारी २०२३ मध्ये, म्हणजे विश्वचषक आठ महिन्यांवर असताना, परत आणले गेले. त्यासाठी डेव्ह रेनी यांना हटवले. करार पाच वर्षांचा. जोन्स यांनी मायकेल हूपर, क्वेड कूपर अशा अनुभवींना वगळून तरुण संघ फ्रान्सला नेला. फिजीविरुद्ध १५-२२ आणि वेल्सविरुद्ध ६-४० असे पराभव पत्करून वॅलबीज पहिल्यांदाच साखळी फेरीत गारद झाले. नऊ कसोटींत दोन विजय, तेही जॉर्जिया आणि पोर्तुगालविरुद्ध. जोन्स यांनी राजीनामा दिला आणि वर्ष संपायच्या आत ते जपानचे प्रशिक्षक झाले. त्यांना आणणारे अध्यक्ष हॅमिश मॅक्लेनन यांनाही पायउतार व्हावे लागले.

एका माणसावर खापर फोडणे सोपे आहे. पण पाया खचला असताना छतावर नवी पाटी लावण्याची ही सवय जोन्स यांच्या आधीपासूनची होती.

लीग खेळाडू पळवते का?

पळवते, आणि तिला परवडते. लीगचा प्रक्षेपण करार पाच वर्षांसाठी सुमारे २०० कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा आहे. ऑस्ट्रेलियन रूल्सचा सात वर्षांसाठी ४५० कोटींचा. युनियनला २०२६ पासूनच्या पाच वर्षांत मिळणार आहेत जास्तीत जास्त २४ कोटी. वर्षाचा हिशेब केला तर लीगचे ४० कोटी आणि युनियनचे पाच कोटींहूनही कमी.

या झुंजीत कधी युनियनचीही सरशी होते. जोसेफ सुआलीला लीगच्या सिडनी रूस्टर्सकडून आणण्यासाठी तीन वर्षांचे सुमारे ५० लाख डॉलर मोजल्याचे ऑस्ट्रेलियन माध्यमांनी म्हटले. नोव्हेंबर २०२४ मध्ये ट्विकनहॅमवर त्याने पदार्पण केले, तो चमकला आणि वॅलबीजनी इंग्लंडला ४२-३७ असे हरवले. गंमत अशी की सुआली शाळेत युनियनच खेळत होता, सिडनीच्या किंग्ज स्कूलमध्ये. घरातलीच वस्तू बाजारभावाने विकत घ्यावी तसे हे झाले. त्याच काळात वॅलबीजचा विंगर मार्क नवाकानिटावासे रूस्टर्समध्ये गेला. आणि कार्टर गॉर्डन? २०२३ च्या विश्वचषकात जोन्स यांनी ज्याच्या हाती फ्लायहाफची सूत्रे दिली, तो रेबेल्सचा खेळाडू. क्लब बुडाल्यावर तो लीगमध्ये गेला आणि २०२५ मध्ये पुन्हा वॅलबीजमध्ये परतला.

खरी तूट आहे ती पश्चिम सिडनीत. सामोआ, टोंगा, फिजीहून आलेल्या कुटुंबांच्या या वस्त्यांत रग्बी रक्तात आहे. तिथली हुशार मुले खासगी शाळेची शिष्यवृत्ती मिळाली तर युनियनमध्ये येतात, नाहीतर लीगचे क्लब दाराशी उभेच असतात. सुपर रग्बीचा संघ या भागाच्या वाट्याला कधी आला नाही.

जो श्मिट यांनी काय बदलले?

न्यूझीलंडचे जो श्मिट यांनी २०२४ मध्ये सूत्रे हाती घेतली. सुरुवात खडतर होती. सांता फे येथे अर्जेंटिनाने ६७-२७ असे धुतले. वॅलबीजनी एका कसोटीत इतके गुण कधीच दिले नव्हते. पण लायन्सविरुद्धची तिसरी कसोटी २२-१२ अशी जिंकली. दोनच आठवड्यांनी जोहान्सबर्गच्या एलिस पार्कवर जगज्जेत्या दक्षिण आफ्रिकेविरुद्ध ०-२२ अशा पिछाडीवरून ३८-२२ असा विजय मिळवला. त्या मैदानावर ऑस्ट्रेलिया आधी जिंकली होती ती १९६३ मध्ये!

पण दमसास कमी पडला. नोव्हेंबरच्या युरोप दौऱ्यात इंग्लंड, इटली, आयर्लंड आणि फ्रान्स, चौघांकडूनही पराभव. पहिले पंधरा खेळाडू तोडीस तोड आहेत, पण दुखापती सुरू झाल्या की बाकावर कुणी उरत नाही. मधली पायरी नसल्याची किंमत अशी मोजावी लागते. २०२६ च्या मध्यानंतर श्मिट यांची जागा रेड्सचे लेस किस घेतील, असे ठरले आहे.

२०२७ च्या विश्वचषकात काय पणाला लागले आहे?

हा विश्वचषक १ ऑक्टोबर ते १३ नोव्हेंबर २०२७ दरम्यान ऑस्ट्रेलियातील सात शहरांत होईल. पहिल्यांदाच २४ संघ असतील. २०२९ मध्ये महिलांचा विश्वचषकही इथेच आहे. रिओ ऑलिम्पिकमध्ये सेव्हन्सचे सुवर्ण जिंकून देणाऱ्या महिलांना १५ खेळाडूंच्या प्रकारात मात्र अजून पुरेसे पाठबळ नाही. तो स्वतंत्र लेखाचा विषय.

संघटनेला २०२४ मध्ये ३ कोटी ६८ लाख डॉलरची तूट आली होती. त्याआधी ८ कोटी डॉलरपर्यंतच्या कर्जाची सोय करून ठेवावी लागली होती. लायन्स दौरा आणि दोन विश्वचषक मिळून हाती येणारा पैसा हा २००३ नंतरचा पहिलाच मोठा ओघ असेल. तो पश्चिम सिडनीच्या सरकारी शाळांत, पंच आणि प्रशिक्षक घडवण्यात आणि दहा वर्षे तरी टिकेल अशा एका देशांतर्गत स्पर्धेत जायला हवा. त्यातून २०२७ मध्ये करंडक मिळणार नाही. मथळेही मिळणार नाहीत. लीगमधला आणखी एक तारा आणला तर मथळे नक्की मिळतील, आणि चाहत्यांना धास्ती आहे ती याचीच.

डिसेंबर २०२५ मधील सोडतीवेळी वॅलबीज क्रमवारीत सातवे होते, म्हणून पहिल्या सहा मानांकितांत त्यांना जागा नव्हती. चिठ्ठी निघाली ती न्यूझीलंडच्या गटात. सोबत चिली आणि हाँगकाँग. यजमान शहरांत मेलबर्नही आहे. त्या सामन्यांना मैदान भरेल यात शंका नाही. मात्र आज तिथल्या चाहत्याला ऑस्ट्रेलियातील सुपर रग्बी संघाचे सर्वांत जवळचे घरचे मैदान गाठायचे, तर सुमारे साडेसहाशे किलोमीटर गाडी हाकत कॅनबेराला जावे लागते.