नियम खेळणाऱ्यांचेच



खेळाच्या नियमपुस्तकाला वजन येते ते नामवंत सल्लागारांमुळे, हे गेल्या अंकातील पत्रलेखकाचे मत मला पटले नाही. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या भूमिका-खेळाच्या २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत सल्लागारांची नावे आहेत, पण तिथेच पावणेदोन लाख चाचणी-खेळाडूंचे आभारही आहेत. २०१२ पासून त्यांनी कच्चे नियम खेळून पारखले. आपल्या खो-खोचेही तसेच: त्याचे नियम १९१४ मध्ये पुण्याच्या डेक्कन जिमखान्यात लिहिले गेले, तेव्हा खेळ मैदानात आधीच रुजलेला होता. जाणकारांचा सल्ला जरूर घ्यावा, त्यांची नजर त्रुटी हेरते. मात्र नियम टिकेल की नाही, हे खेळायला बसलेली मुलेच ठरवतात. मान आधी त्यांचा.

– एक वाचक, राजेंद्र नगर, इंदूर