अमानतीचा हिशेब

शेळगावच्या घरातला मुलगा फौजेत गेला की आई त्याच्या सलामतीची दुआ मागते. सरकारला जाब मात्र तिच्या वतीने खासदारानेच विचारायचा असतो.

१९६२ च्या चीन युद्धातील पराभवाची चौकशी लष्करानेच केली. संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाणांनी २ सप्टेंबर १९६३ रोजी लोकसभेत तिचा गोषवारा सांगितला: प्रशिक्षण, साहित्य, नेतृत्व यांत उणिवा होत्या. अहवाल मात्र बंदच राहिला. २०१० मध्येही तो खुला करण्यास सरकारने संसदेत नकार दिला.

तरी आम्ही आशा सोडलेली नाही. १९९३ पासून संसदेची संरक्षणविषयक स्थायी समिती आहे. २०१८ मध्ये सत्ताधारी पक्षाचेच भुवनचंद्र खंडुरी अध्यक्ष असताना, लष्कराची ६८ टक्के सामग्री जुनाट असल्याचे तिच्या अहवालात छापून आले. त्याच वर्षी अध्यक्ष बदलले. समितीच्या शिफारशी सरकारवर बंधनकारक नसतात, म्हणून आशाही बेतानेच धरावी.

सैनिकांचे प्राण ही सरकारकडे ठेवलेली अमानत आहे. तिचा हिशेब मागण्यात फौजेचा अवमान नाही. मते मागायला येणाऱ्यांना एवढे जरूर विचारा: आमच्या मुलांसाठी तुम्ही सभागृहात कोणता प्रश्न मांडणार?