खेळाडूचा भाव माईकवर, मालकाचा हिशेब कुलपात

ऋषभ पंत २७ कोटींना गेला, हे आपल्या तालुक्यातल्या शेंबड्या पोरालाही पाठ आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये जेद्दाहला लिलाव झाला, हातोडा पडला आणि दुसऱ्या मिनिटाला आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर "क्रिकेटवाले माजलेत" सुरू झालं.

आता मला एकच सांगा. ज्या लखनौ संघाने त्याला घेतलं, त्या संघाच्या मालकाला त्या हंगामात किती सुटले? आहे कुणाला पाठ?

नाही. कारण खेळाडूची किंमत माईकवरून ओरडून सांगितली जाते. मालकाची कमाई कुणी ओरडून सांगत नाही. सगळी मेख इथेच आहे. भांडण लागलं की एकाचे कपडे आधीच काढलेले असतात आणि दुसरा शाल पांघरून बसलेला असतो.

जेवढे आकडे उजेडात आहेत, त्यावर हिशेब मांडू.

२०२३ ते २०२७ या पाच वर्षांसाठी आयपीएलचे प्रक्षेपण हक्क ४८,३९० कोटींना विकले गेले. म्हणजे वर्षाला सरासरी ९,६७८ कोटी. २०२५ च्या हंगामात एका संघाने खेळाडूंवर जास्तीत जास्त १४६ कोटी खर्च करायचे, असं ठरलं होतं. त्यात लिलावाची रक्कम आली, सामन्याचं मानधन आलं, कामगिरीचा बोनसही आला. दहा संघांचे मिळून झाले १,४६० कोटी. करा भागाकार. टीव्ही-मोबाईलवाल्यांकडून येणाऱ्या शंभर रुपयांतले साधारण पंधरा खेळाडूंचे.

आणि हे फक्त प्रक्षेपणाचे. टाटांचं नाव स्पर्धेला लावायचे पाच वर्षांचे २,५०० कोटी वेगळे. तिकिटं, जर्सी, जर्सीवरच्या जाहिराती आणखी वेगळ्या. ते सगळं धरलं तर खेळाडूंचा टक्का अजून खाली जातो.

अमेरिकेत एनबीए म्हणून बास्केटबॉलची लीग आहे. तिथे खेळातून येणाऱ्या उत्पन्नाचा ४९ ते ५१ टक्के वाटा खेळाडूंचा, हे करारात लिहिलेलं आहे. आणि ते उत्पन्न नक्की किती, हे तपासायचा हक्क खेळाडूंच्या युनियनला आहे. तिथले मालक काही साधुसंत नाहीत. २०११ मध्ये तोटा होतोय म्हणून त्यांनी लीगला टाळं लावलं आणि खेळाडूंचा ५७ टक्क्यांचा वाटा निम्म्यावर आणला. पण भांडण टक्क्यावर झालं. आपल्याकडे टक्का हा शब्दच कुणी काढत नाही.

का काढत नाही? कारण काढणारं कुणी नाही. २०१९ मध्ये इंडियन क्रिकेटर्स असोसिएशन झाली, पण ती निवृत्त खेळाडूंची. जो आज मैदानात आहे, त्याची संघटना नाही. ऑस्ट्रेलियात २०१७ मध्ये बोर्डाने उत्पन्नातला वाटा बंद करायचं ठरवलं, तेव्हा तिथले दोनशेवर क्रिकेटपटू महिनाभर विनाकरार बसले. ऑस्ट्रेलिया 'अ' संघाचा दौरा रद्द झाला. शेवटी बोर्डाला वाटा ठेवावाच लागला. आपल्या पोरांनी एवढं कधी करून बघितलंय?

ऊस पिकवणाऱ्यांना हे समजावून सांगायला नको. कारखाना म्हणतो तोटा आहे, आपण म्हणतो ताळेबंद दाखवा. लढून लढून महाराष्ट्रात २०१३ चा कायदा आला आणि साखर व उपपदार्थांच्या उत्पन्नातले ७० टक्के शेतकऱ्याचे, ३० कारखान्याचे हे सूत्र कागदावर आलं. त्यातही काटा मारतात, हिशेब लांबवतात, सगळं मान्य. पण बोट ठेवायला एक आकडा तर आहे! आयपीएलच्या खेळाडूकडे तोही नाही.

हिशेब बंद असला की काय होतं, ते कोची टस्कर्सला विचारा. हा संघ २०११ चा एकच हंगाम खेळला, मग बोर्डाने करार मोडला. दहा वर्षांनी, २०२१ मध्ये, त्या संघातला ऑस्ट्रेलियाचा ब्रॅड हॉज जाहीरपणे म्हणाला की खेळाडूंचे ३५ टक्के पैसे अजून यायचेत. इकडे मालक कंपन्या बोर्डाविरुद्ध लवादात गेल्या, जिंकल्या, आणि जून २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ५३८ कोटींचा तो निवाडा कायम ठेवला. मालकांचं भांडण ऐकायला लवाद होता, न्यायालय होतं. खेळाडू त्या भांडणात पक्षकारही नव्हते.

उलट बाजू बघा. इंग्लंडच्या हॅरी ब्रूकने २०२५ च्या हंगामातून माघार घेतली, लगेच दोन वर्षांची बंदी. नियम होता, मान्य. मग खेळाडूचे पैसे थकवणाऱ्या मालकाला तेवढाच कडक नियम का नको?

"आरटीआय टाका की" असं कुणीतरी म्हणेलच. केंद्रीय माहिती आयोगाने २०१८ मध्ये बीसीसीआयला माहिती अधिकार लागू होतो असं सांगितलं होतं, ते प्रकरण मद्रास उच्च न्यायालयात अडकलं. २०२५ मध्ये क्रीडा प्रशासनाचा नवा कायदा आला, त्यात सरकारी पैसा घेणाऱ्या संस्थांपुरताच माहिती अधिकार ठेवला. बोर्ड सुटलं. काही संघांच्या कंपन्या शेअर बाजारात आहेत, हैदराबाद संघ सन टीव्हीचा आहे, तिथे भागधारकांना आकडे द्यावे लागतात. म्हणजे शेअर घेणाऱ्याला हिशेब, घाम गाळणाऱ्याला नाही.

आता नेहमीचा आक्षेप. "कोटी कोटी घेतात, त्यांच्यासाठी कशाला रडायचं?" २७ कोटीवाल्यासाठी मी रडत नाहीये, तो त्याचं बघून घेईल. त्याच लिलावात ३० लाखांच्या मूळ किमतीत नाव देऊन बसलेली शेकडो पोरं होती. बहुतेकांचं नाव पुकारलंही गेलं नाही. गुडघा गेला की पंचविशीत करिअर संपतं. टक्का वाढला तर फायदा त्यांचा. "मालक धोका पत्करतात" हेही ऐकतो. २०२१ मध्ये लखनौ संघ ७,०९० कोटींना घेतला गेला. एवढे पैसे कुणी धर्मादाय म्हणून ओतत नाही.

मागणी साधी आहे. लीगच्या आणि दहाही संघांच्या जमाखर्चाचा लेखापरीक्षित ताळेबंद दरवर्षी एका जागी जाहीर करा. खेळणाऱ्यांची संघटना मान्य करा. खेळाडूंचा टक्का ठरवा आणि करारात लिहा.

आणि मुंबईकडे बोट दाखवताना आपल्या घरातही बघू. गावोगावच्या टेनिस बॉल प्रीमियर लीगमध्ये आता लिलाव होतात, ठेकेदार संघमालक होतात, प्रवेश फी गोळा होते, बॅनरवर प्रायोजकांचे पंधरा फोटो असतात. गणपती मंडळ निदान जमाखर्चाचा कागद फलकावर लावतं. या लीगचा कागद कुणी पाहिलाय? यंदा मैदानावर नाव नोंदवायला जाल, तेव्हा फी देण्याआधी मागच्या वर्षीचा हिशेब मागा. पोरांनो, तुम्हीच मागा. आणि संयोजकांनी काय उत्तर दिलं, ते खाली कमेंटमध्ये लिहा. मी छापतो.