बोटीवर कोण जाणार?

गेल्या वर्षी रायगड जिल्ह्यातल्या खाडीकाठच्या एका शाळेत मी गेले होते. जहाज-वाहतुकीच्या धंद्यातल्या एका कंपनीनं शाळेशी सहकार्याचा करार केला होता आणि आठवी-नववीच्या मुलांसाठी व्यवसाय-मार्गदर्शनाचा कार्यक्रम होता. पडद्यावर भलंमोठं कंटेनर जहाज दिसलं, सुकाणूघर दिसलं, इंजिनाची खोली दिसली. मुलं डोळे विस्फारून बघत होती. पाहुणे बोललेही छान. पण बोलता बोलता मुलग्यांकडे वळून म्हणाले, "तुमच्यातला कुणी उद्या कप्तान होईल." मग मुलींकडे बघून, "आणि तुम्हालाही संधी आहेत बरं का. ऑफिसात कागदपत्रांचं, हिशेबाचं काम असतं."

तिसऱ्या बाकावरची एक मुलगी उठली. "सर, माझी आई पहाटे तीनला उठून धक्क्यावर जाते, लिलावात मासळी घेते. मग मी बोटीवर का नाही जायचं?"

पाहुणे हसले. वर्गही हसला. उत्तर मिळालंच नाही. ते उत्तर आपण द्यायला हवं, म्हणून हे संपादकीय.

कोकणात 'नवरा बोटीवर आहे' हे वाक्य आपण पिढ्यान् पिढ्या ऐकत आलो. मागे राहून घर, शेती, म्हातारी माणसं सांभाळणाऱ्या बाईलाही बोट म्हणजे काय हे ठाऊक असतं, पण मनिऑर्डरीपुरतं. 'खलाशी' या शब्दाला स्त्रीलिंगी रूप शोधायची गरज आपल्या भाषेला भासली नाही. जगभरातल्या खलाशांत आणि जहाजावरच्या अधिकाऱ्यांत बायका किती? २०२१ च्या आंतरराष्ट्रीय अहवालानुसार जेमतेम १.२ टक्के.

असं नव्हे की बाईला हे काम जमत नाही. कॅप्टन राधिका मेनन यांनी जून २०१५ मध्ये बंगालच्या उपसागरात खवळलेल्या समुद्रातून सात मच्छीमारांना वाचवलं आणि २०१६ साली आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा शौर्य पुरस्कार मिळवला. रुळांवर बघा. साताऱ्याच्या सुरेखा यादव १९८९ मध्ये मध्य रेल्वेत सहायक चालक झाल्या, २०२३ मध्ये सोलापूरहून मुंबईला 'वंदे भारत' घेऊन आल्या आणि २०२५ मध्ये निवृत्त झाल्या. एसटीत तर बाई चालकाच्या जागेवर बसायला २०२३ साल उजाडावं लागलं. त्याच वर्षी आपल्याला अर्ध्या तिकिटाची सवलत मिळाली. प्रवासी म्हणून बाई चालते, गाडी हाकायला मात्र तिला इतकी वर्षं वाट बघावी लागते!

हे सगळं मुलींना आठवी-नववीतच का सांगायचं? कारण दार तिथंच बंद होतं. जहाजावर अधिकारी व्हायचं तर बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित लागतं. गावात विज्ञान शाखा नसते, तालुक्याला जायची एसटी वेळेवर येत नाही, आणि घरातले म्हणतात, "मुलीला कशाला हवं गणित?" म्हणजे सतराव्या वर्षी अर्ज भरायची वेळ येते तेव्हा निर्णय दोन वर्षांपूर्वीच झालेला असतो. तो तिनं घेतलेला नसतो. सुरेखाताईंच्या हाती कराडच्या शासकीय तंत्रनिकेतनाची विद्युत पदविका होती, हे आपण विसरू नये. धाडसाच्या कौतुकात त्या पदविकेचा उल्लेख गाळला जातो.

पण मैत्रिणींनो, कंपनी शाळेत आली म्हणून टाळ्या वाजवून आपण मोकळ्या होऊ शकत नाही. १९८४ च्या जानेवारीत उरणच्या शेतकऱ्यांनी न्हावा-शेवा बंदरासाठी आणि नवी मुंबईसाठी गेलेल्या जमिनीच्या हक्काकरिता लढा दिला. पोलिसांच्या गोळीबारात पाच जण गेले. आज पालघर जिल्ह्यात वाढवणला ७६ हजार कोटी रुपयांहून अधिक खर्चाचं बंदर उभं राहतंय आणि किनाऱ्यावरचे मच्छीमार त्याविरुद्ध वर्षानुवर्षं लढत आले आहेत. मासळी गेली तर आधी टोपली कुणाची रिकामी होते? कोळणीची. मग त्याच कोळणीच्या लेकीला शाळेत बंदराची रंगीत पत्रकं वाटायची, याला शिक्षण म्हणायचं की जाहिरात? आईचा रोजगार घेऊन लेकीला स्वप्न विकणं ही भरपाई होऊ शकत नाही.

तरीही पाठ फिरवणं हे उत्तर नाही असं मला वाटतं. बंदर झालं तर तिथल्या क्रेनवर, टगवर, पायलटच्या लाँचवर कुणीतरी काम करणारच. ते काम बाहेरच्या पुरुषांनी करायचं आणि गावच्या बायकांनी तिथं झाडलोट करायची, हा न्याय आपल्याला मान्य आहे का? लढाही हवा आणि लेकीच्या हातात गणितही हवं. या दोन मागण्या एकमेकींच्या आड येत नाहीत.

म्हणून आपल्या गटांनी काही गोष्टी धराव्यात. शाळेत असा कार्यक्रम ठरला की मुख्याध्यापकांना भेटून सांगावं, पाहुण्यांत प्रत्यक्ष जहाजावर, यार्डात किंवा गाडीवर काम करणारी एक तरी बाई हवी. सहलीत मुलींनाही सुकाणूघरात आणि इंजिनखोलीत न्या, फक्त कँटीनमध्ये नको. करारात विज्ञान शाखेच्या प्रवासाची, वसतिगृहाची आणि शिष्यवृत्तीची तरतूद लेखी मागा. लैंगिक छळाबद्दल प्रश्न विचारायला लाजू नका. चार भिंतींच्या ऑफिसातून बाई निदान घरी येऊ शकते, भर समुद्रातून येऊ शकत नाही. जहाजावर जाणाऱ्यांच्या मूलभूत प्रशिक्षणात छळ रोखण्याचा विषय १ जानेवारी २०२६ पासून आंतरराष्ट्रीय नियमांनी सक्तीचा झाला आहे. आणि नोकरी लावून देतो म्हणून पैसे मागणाऱ्या एजंटांपासून पालकांना सावध करा. खलाशाकडून नोकरीसाठी दलाली घेणं बेकायदेशीर आहे.

त्या दिवशी कार्यक्रम संपल्यावर ती मुलगी फाटकापाशी भेटली. मी म्हटलं, "बोटीवर जायचं तर गणित सोडू नकोस." ती म्हणाली, "ताई, गणित आवडतं मला. पण आमच्याकडे अकरावीला सायन्स नाही."

आपलं काम कुठून सुरू व्हायला हवं, हे तिनं एका वाक्यात सांगितलं. तुमच्या तालुक्यात काय परिस्थिती आहे? मुलींना विज्ञान शाखेपर्यंत पोचायला किती किलोमीटर जावं लागतं? मोजून आम्हाला कळवा. पुढच्या अंकात ती पत्रं छापू आणि मागणीपत्रक त्यातूनच तयार करू.