कॅमेरा घाटावर उभा करा

महाविद्यालयीन छायाचित्रांचे कोणतेही प्रदर्शन घ्या. त्यात ‘निसर्ग’ नावाचा एक विभाग असतोच आणि त्या विभागात काय असणार हे दाराबाहेरूनच सांगता येते. लोणावळ्याचा धबधबा, राजमाचीवरचे धुके, माळशेज घाटातला पाऊस, एखाद्या तळ्यात मावळणारा सूर्य. चित्रे वाईट असतात असे मुळीच नाही. पण गेली तीन वर्षे अशी प्रदर्शने पाहताना एक प्रश्न माझ्या मनात राहून राहून येतो. लोणावळ्याच्या वरच्या अंगाला कुरवंड्याच्या परिसरात उगम पावणारी इंद्रायणी ही निसर्ग. मग तीच इंद्रायणी कामशेत, तळेगाव, देहू, मोशी करीत आळंदीला येते तेव्हा ती निसर्ग राहत नाही काय? की डोंगर उतरताना वाटेत कुठे तरी तिचे नाव हजेरीपटावरून कमी केले जाते?

निसर्गछायाचित्रणाचा एक फार सावकाश चालणारा प्रकार आहे. मोठ्या फिल्मवर, भात्याच्या कॅमेऱ्याने चित्र घेण्याचा. जगभर हा कॅमेरा घेऊन लोक पर्वतांवर जातात, अरण्यात जातात. माझे म्हणणे असे की आपल्या भागात त्याची खरी गरज आळंदीच्या घाटावर आहे. हे मत काहींना चमत्कारिक वाटेल, म्हणून ते थोडे सविस्तर मांडतो.

हा कॅमेरा आपल्या पिढीने बहुधा पाहिलेला नाही. पुढे भिंग, मागे घासलेली काच आणि मध्ये लोहाराच्या भात्यासारखा घडीचा भाता. छायाचित्रकार डोक्यावरून काळे फडके ओढून त्या काचेवर चित्र पाहतो. ते चित्र उलटे दिसते. आभाळ खाली, जमीन वर, उजवे डावीकडे. ते स्पष्ट झाले की काचेच्या जागी फिल्मची चौकट बसवायची. एका चौकटीत दोनच फिल्मा, एक या बाजूला आणि एक त्या बाजूला. पूर्वी सर्रास वापरात असलेल्या पस्तीस मिलिमीटरच्या रोलवरील एक चित्र २४ × ३६ मिलिमीटरचे असते. या कॅमेऱ्याची नेहमीची फिल्म ४ × ५ इंचांची, म्हणजे क्षेत्रफळाने सुमारे पंधरापट. ८ × १० इंचांची घेतली तर साठपट. त्यामुळे घाटाचे चित्र भिंतीएवढे मोठे केले तरी पलीकडच्या पायरीवर वाळत घातलेल्या धोतराची घडी मोजता येते.

आमच्या ओळखीच्या एका वृद्ध स्टुडिओमालकांनी त्यांचा असा एक कॅमेरा मला गेल्या वर्षी वापरावयास दिला. तो घेऊन मी आळंदीला पाच-सहा वेळा गेलो. लेखातील मते त्या फेऱ्यांतून आलेली आहेत, केवळ पुस्तकातून नव्हेत.

आता या कॅमेऱ्याचा इतिहास पाहिला तर एक गोष्ट चटकन लक्षात येते. त्याने निसर्ग दाखविला, पण माणूस वगळून दाखविला. सॅम्युअल बोर्न हा इंग्रज छायाचित्रकार १८६३ ते १८७० या काळात हिंदुस्थानात होता. काचेवर ओले रसायन पसरायचे, ते वाळण्यापूर्वी चित्र घ्यायचे आणि तिथल्या तिथे तंबूत धुवायचे, असा तो जमाना. काचा, बाटल्या, तंबू असे सारे ओझे हमालांच्या पाठीवर देऊन तो हिमालयात अठरा हजार फुटांहून उंच अशा खिंडीपर्यंत गेला. त्याची चित्रे आजही थक्क करतात. पण त्यांत माणूस असलाच तर कड्याची उंची कळावी म्हणून मापाच्या काठीसारखा उभा! अमेरिकेत कार्लटन वॉटकिन्सने १८६१ साली योसेमिटी खोऱ्याची प्रचंड आकाराच्या काचांवर चित्रे घेतली. त्या चित्रांनी दूरच्या शहरांतील लोकांना ते खोरे प्रथमच दिसले आणि १८६४ साली अब्राहम लिंकन यांनी ते राखून ठेवण्याच्या कायद्यावर सही केली. छायाचित्राने भूमी वाचविण्यास हातभार लावल्याचे हे उदाहरण मोलाचे आहे. तथापि, त्या खोऱ्यातील मूळ रहिवाशांना त्यापूर्वी दहा वर्षे, १८५१ साली, सैन्य पाठवून हुसकावण्यात आले होते, हे त्या निर्मळ चित्रांत कुठेच दिसत नाही.

निसर्ग म्हणजे निर्मनुष्य जागा, ही समजूत आपल्याकडे अशा चित्रांच्या मागोमाग आली असावी असे मला वाटते. आळंदीत ती एक क्षणही टिकत नाही. इथली नदी म्हणजे घाट, घाट म्हणजे माणसे. १२९६ साली ज्ञानदेवांनी इथे समाधी घेतली, तेव्हापासूनची ही माणसांची रीघ आहे. ज्येष्ठ वद्य अष्टमीला पालखी निघते आणि कार्तिक वद्य एकादशीला यात्रा भरते, तेव्हा घाटाची पायरीसुद्धा दिसत नाही. मधल्या दिवसांतही कोणी स्नान करीत असतो, कोणी दिवा सोडतो, कोणी अस्थी घेऊन आलेला असतो. या माणसांना वगळून घेतलेले इंद्रायणीचे चित्र हे इंद्रायणीचे चित्रच नव्हे.

आणि त्याच पाण्यावर पांढरा फेस आहे. गेल्या काही वर्षांत तो वारंवार वर्तमानपत्रांतून झळकला आहे. वरच्या गावांचे आणि वाढत्या शहराचे सांडपाणी, कारखान्यांतून येणारे पाणी, त्यातील साबणासारखी द्रव्ये. हे सारे बंधाऱ्यावरून खाली आदळले की घुसळून फेस होतो. दुरून पाहणाऱ्याला बर्फ पडल्यासारखे वाटते. त्या फेसासमोर उभे राहून हसतमुखाने मोबाइलवर फोटो घेणारी आपल्याच वयाची मुले मी पाहिली आहेत. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. ज्याने फेसाशिवायची नदी पाहिलीच नाही त्याला फेस हाच नदीचा स्वभाव वाटणार. माझी आजी सांगते की लहानपणी ती या नदीचे पाणी ओंजळीने पीत असे. मी तिच्यावर विश्वास ठेवतो; परंतु माझ्या मुलांनी तो कशाच्या आधारावर ठेवावा?

इथे या कॅमेऱ्याचा एक धोका सांगितला पाहिजे. दूरपर्यंत सारे स्पष्ट यावे म्हणून भिंगाचे छिद्र अगदी बारीक करण्याची पद्धत आहे. छिद्र ४५ या आकड्यावर आणि फिल्म १०० वेगाची असेल तर ढगाळ सकाळी अर्धा-पाऊण सेकंद उघडझाप लागते. पहाटे तर कित्येक सेकंद. तेवढ्या वेळात चालणारा वारकरी पुसट रेघ होतो आणि वाहणारा फेस रेशमासारखे मऊ धुके होतो. म्हणजे विषाचे पाणी आणि भाविकांची गर्दी, दोन्ही एकाच वेळी नाहीशी! अशी चित्रे चौकटीत फार शोभतात आणि त्यांना बक्षिसेही मिळतात. मला ती असत्य वाटतात.

सुदैवाने यावर उपाय याच कॅमेऱ्यात आहे. त्याचे भिंग पुढे किंचित कलते करता येते. ते योग्य तेवढे कलविले म्हणजे स्पष्टतेची पातळी पाण्याच्या पृष्ठभागावर आडवी पसरते आणि पायाजवळच्या पायरीपासून दूरच्या पुलापर्यंतचे पाणी एकाच वेळी ठसठशीत होते. यामागील भूमितीचा नियम थिओडोर शाइमफ्लुग या ऑस्ट्रियन गृहस्थाच्या नावाने ओळखला जातो. विसाव्या शतकाच्या आरंभी आकाशातून नकाशे काढण्याच्या खटाटोपात त्याने तो मांडला. मग छिद्र इतके बारीक करावे लागत नाही. १६ आकड्यावर, ४०० वेगाच्या फिल्मने, ढगाळ हवेतही एक-पन्नासांश सेकंदात चित्र होते. फेस फेसच राहतो आणि माणूस माणूस राहतो. अगदी पुढ्यात उभे असलेले माणूस मात्र पायाशी स्पष्ट आणि डोक्याशी मवाळ येते, म्हणून कॅमेरा कुठे मांडायचा याचा आधी बराच विचार करावा लागतो. हा विचार करायला लावणे हाच या यंत्राचा मोठा गुण आहे.

दुसरा गुण असा की हा कॅमेरा लपवून वापरता येत नाही. घाटावर स्त्रिया स्नान करीत असतात. तिथे खिशातून मोबाइल काढून कोणाचाही फोटो नकळत घेतला जातो. मी मात्र तीन पायांचे भलेमोठे बुजगावणे मांडून अर्धा तास उभा असतो. ज्याला चित्रात यायचे नाही तो बाजूला होतो, ज्याला विचारायचे आहे तो विचारतो. मराठवाड्याकडच्या एक आजी एकदा थेट काळ्या फडक्याखाली डोकावल्या आणि म्हणाल्या,

“आरं लेकरा, समदं उलटंच हाय की रं ह्यात! नदी वर अन् आभाळ खाली!”

“आजी, कागदावर आलं की सुलटं होतं,” मी म्हणालो.

“मग नदीचंबी तेवढं सुलटं करून टाक,” असे म्हणून त्या पाण्याकडे पाहत क्षणभर थांबल्या आणि निघून गेल्या.

छायाचित्राने नदी सुलटी होणार नाही, हे मी जाणतो. माझे काही मित्र नेमका हाच आक्षेप घेतात. त्यांना मी नारायण विनायक विरकर यांचे नाव सांगतो. मुंबईच्या या मराठी छायाचित्रकाराने १९१९ साली अमृतसरला जाऊन जालियनवाला बागेतील गोळ्यांच्या खुणा असलेल्या भिंती टिपल्या. हत्याकांड होऊन गेले होते. चित्रांनी कोणी जिवंत झाले नाही. परंतु त्या भिंतींनी काय पाहिले, ते नाकारणे त्यानंतर कोणालाही अवघड झाले. जागासुद्धा साक्ष देते. ती नोंदवून ठेवणारा मात्र हवा.

दुसरा आक्षेप खर्चाचा आणि जुनाटपणाचा. ड्रोन असताना हे लाकडी खोके कशाला? ड्रोनला माझा विरोध नाही, त्याचे काम त्याने करावे. पण आपल्या मोबाइलमधील पाच वर्षांपूर्वीची चित्रे आज किती जणांजवळ आहेत? नीट धुऊन कोरड्या जागी ठेवलेली कृष्णधवल निगेटिव्ह शंभर वर्षांनीही खिडकीच्या उजेडात धरून वाचता येते; तिला ना वीज लागते ना संकेतशब्द. उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सची ‘इंदू’ फिल्म इतिहासजमा झाली असली तरी परदेशी कंपन्यांची ४ × ५ इंची फिल्म आजही तयार होते. ती महाग आहे हे खरे. परंतु मी मागतो आहे त्या वर्षाला चार फिल्मा. स्नेहसंमेलनाच्या मांडवावरील एका रात्रीच्या दिव्यांइतकाही हा खर्च होणार नाही.

माझी सूचना साधी आहे. घाटावरची एक जागा कायमची ठरवावी. भूगोल विभागाकडे सर्वेक्षणाची साधने आहेत. त्यांनी ती जागा, कॅमेऱ्याची उंची आणि दिशा मोजून नोंदवावी. दर वर्षी पालखी निघण्याच्या आदल्या दिवशी आणि कार्तिकी एकादशीच्या सकाळी, त्याच जागेवरून, त्याच भिंगाने दोन-दोन चित्रे घ्यावीत. इतिहास विभागाने पाण्याचा रंग, वास, फेस, नव्याने उठलेल्या इमारती यांची त्या दिवशीची टिपणे एका वहीत ठेवावीत. मराठी विभागाने घाटावरच्या वृद्धांच्या आठवणी त्यांच्याच बोलीत उतरवून घ्याव्यात. अमेरिकेत १९७७ ते १९७९ या काळात काही छायाचित्रकारांनी शंभर वर्षांपूर्वीच्या सर्वेक्षण-चित्रांच्या जागा शोधून तिथूनच पुन्हा चित्रे घेतली, तेव्हा कुठे काय बदलले आणि काय बदलले नाही ते डोळ्यांपुढे उभे राहिले. त्यांच्या हाती शंभर वर्षांपूर्वीची चित्रे होती. आपल्या हाती तशी मालिका नाही. ती आपणच सुरू करावयाची आहे, तिचा उपयोग करणारे विद्यार्थी अजून जन्मालाही आलेले नसले तरी.

आळंदी हे भिंत चालल्याची कथा सांगणारे गाव आहे. आज तिथे सारेच चालले आहे: मोशीकडून इमारती येत आहेत, चाकणकडून कारखाने येत आहेत, वरून फेस येतो आहे. अशा गावात एक तरी वस्तू दर वर्षी एकाच जागी स्थिर उभी असावी. पुढील कार्तिकीला मी घाटावर असेन. काळे फडके माझ्याकडे आहे. तिपाई उचलायला दोघे-तिघे आले तर बरे होईल. प्राध्यापकांपैकी कोणी वही धरली तर त्याहून बरे.