पालात राहणाऱ्याने दाखला कोठून आणावा?

खडकीच्या बाजारात विळ्याकोयत्यास धार लावणारा घिसाडी, सुया-पोत-बिबे विकणारी वैदू बाई, टोपल्या विणणारा कैकाडी, ही माणसे आमच्या वाचकांस अपरिचित नाहीत. पुणे शहरातील वडारवाडी व वैदूवाडी ही नावेही आपण नित्य उच्चारतो. घरातला पाटावरवंटा वडाराच्या हातचा असतो. परंतु त्याचे नाव मात्र सरकारी दप्तरात शोधू जाता सापडत नाही. ही गोष्ट लहान दिसते, पण तिच्यापायी या लोकांच्या मुलांचे आयुष्य नासत आहे, हे आज आम्हांस स्पष्टपणे सांगावयाचे आहे.

महाराष्ट्र शासनाने १९६१ साली १४ विमुक्त जाती व २८ भटक्या जमाती अशी यादी केली व त्यांस शिक्षणात व नोकरीत सवलती दिल्या. हे कृत्य स्तुत्यच होते. परंतु त्या सवलतीस लागणारा जातीचा दाखला मागू गेल्यास, २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वी आपले कुटुंब या राज्यात राहत होते याचा पुरावा आणा, असे सांगण्यात येते. ज्याचा आजा गाढवावर बिऱ्हाड लादून गावोगाव फिरला, ज्याचा बाप पालात जन्मला व शाळेची पायरी चढला नाही, त्याने हा कागद कोठून आणावा? भटक्या म्हणून सवलत द्यावयाची आणि स्थायिक असल्याचा पुरावा मागावयाचा, हा न्याय कोणता?

यातील विटंबना याहूनही खोल आहे. १८७१ साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. त्या अन्वये कैकाडी, पारधी आदी जमातींच्या माणसांची नावे पोलिसांच्या दप्तरात चढली, हजेरी लागली व परवान्यावाचून गाव सोडण्याची बंदी झाली. सोलापुरास तर त्यांस तारेच्या कुंपणात ठेविले होते. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला. अर्थात्, संशय घ्यावयाचा होता तोवर माणूस आज कोठे निजला हे सरकारास ठाऊक होते. हक्क द्यावयाची वेळ येताच तोच माणूस बेपत्ता ठरला!

हा रोग आमच्याच देशाचा नव्हे. ज्यांच्या भाषेत अद्याप पाण्यास ‘पानी’च म्हणतात, ते युरोपातील रोमा लोक मूळचे आमच्याच भूमीतील. फ्रान्सने १९१२ साली कायदा करून फिरस्त्या लोकांस शरीराची मापे नोंदलेली वही जवळ बाळगावयास लाविले. सुधारलेली म्हणविणारी राष्ट्रे फिरत्या माणसाचा कागद करितात तो बहुधा त्यास अडविण्यासाठी.

कोणी म्हणेल, तारखेची अट काढिली तर खोटे हक्कदार घुसतील. भीती अगदीच निराधार नाही. परंतु लबाडास कागद मिळविणे कठीण नसते. अडतो तो निरक्षर व प्रामाणिक मनुष्यच. यावर उपाय गृहचौकशीचा. अधिकाऱ्याने स्वतः वस्तीवर जावे, जमातीच्या वृद्धांस व शेजाऱ्यांस विचारावे, भाषा, धंदा व सोयरसंबंध पाहावे आणि तेथेच निर्णय द्यावा. ही वाट शासनास नवी नाही. ती अपवाद न राहता नियम व्हावी, एवढीच आमची मागणी आहे. २०२७ च्या शिरगणतीत जातीची नोंद करण्याचे केंद्र सरकारने ठरविले आहे. त्या वेळी पालावरचे एकही बिऱ्हाड सुटू नये.

आणि व्यापारी बंधूंनो, आपल्यावरही एक कर्तव्य आहे. ज्याच्या भात्याचा आवाज वर्षानुवर्षे आपल्या दुकानासमोर ऐकला, त्याच्यासाठी चौकशीच्या वेळी ‘होय, यास आम्ही ओळखतो’ एवढे सांगावयास उभे राहा. चोरी झाली की पहिले बोट त्याच्याकडे दाखविण्यास आपण विलंब करीत नाही. मग साक्ष देण्यास का करावा?